दम धरू नका

वऱ्हाडात पोहणं शिकायची जागा म्हणजे विहीर. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर आवळायचा, दोराचं दुसरं टोक काकाच्या किंवा मोठ्या भावाच्या हातात. ढकलण्याआधी सूचना एकच मिळते: "दम धरून ठेवजो बे!" अकोला-अमरावतीकडच्या कितीतरी पिढ्या या एका वाक्यावर पोहायला शिकल्या. पाण्यात गेलं की श्वास रोखायचा. हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की तो एक नियम आहे हेही कधी जाणवत नाही.

हाच माणूस अंबा एक्स्प्रेस पकडून मुंबईला उतरतो, पुढं कोकणात मालवणला जातो आणि स्कूबा डायव्हिंगचं तिकीट काढतो. पाठीवर पुन्हा एक डबा येतो, फक्त या वेळी तो हवेनं ठासून भरलेला असतो. आणि सोबतचा मार्गदर्शक पहिलीच सूचना नेमकी उलटी देतो: काहीही झालं तरी श्वास रोखू नका.

वरवर पाहिलं तर ही एक साधी तांत्रिक सूचना. पण ती देता यावी म्हणून माणसानं जवळपास शंभर वर्षं खर्च केली आहेत, आणि त्यात बरेच जीव गेले आहेत. स्कूबाचा इतिहास बहुतेक वेळा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे यंत्राचं कौतुक मलाही आहे. पण या गोष्टीत यंत्र लवकर आलं आणि शिक्षक उशिरा. मधल्या काळात काय झालं, ते आपल्या भागातल्या लोकांना माहीत असायला हवं. का, ते शेवटी येईलच.

विहिरीचं गणित, समुद्राचं गणित

आधी दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर कशा, ते पाहू.

काठावर छातीभर श्वास घेऊन विहिरीत बुडी मारली, की खाली जाताना पाण्याच्या दाबानं छातीतली हवा आकसते. वर येताना ती पुन्हा फुलते, पण जितकी घेतली होती तितकीच होते. हिशेब बरोबर जुळतो. म्हणून तिथं दम धरणं सुरक्षित असतं.

स्कूबात हवा काठावर घेतलेली नसते, खाली गेल्यावर घेतलेली असते. समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणानं वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, आणि रेग्युलेटर त्याच दाबाची हवा तोंडात देतो. तिथं ५ लिटर हवा छातीत भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलात, तर पृष्ठभागाशी तिला १० लिटर जागा लागते. फुप्फुसात ती जागा नसते. हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ चा नियम, बारावीच्या पुस्तकातला. पण परीक्षेत तो चुकला तर दोन मार्क जातात आणि इथं फुप्फुस फाटतं. त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर शेवटचा सव्वा-दीड मीटरसुद्धा पुरतो, कारण दाबातला सगळ्यात मोठा फरक पृष्ठभागाजवळच पडतो.

म्हणजे ज्याला समुद्राची सवय नाही पण विहिरीत पोहता येतं, त्याच्या अंगात चुकीची सूचना पक्की बसलेली असते. घाबरला की तो हमखास दोन गोष्टी करेल: दम धरेल आणि वर झेपावेल. विहिरीत यानंच जीव वाचतो आणि समुद्रात यानंच जातो. स्कूबा शिकवणं म्हणजे मुख्यतः ही सवय मोडणं.

यंत्र आधी, शाळा नंतर

एकोणिसाव्या शतकात पाणबुडे तांब्याचं शिरस्त्राण घालून खाली जात. ऑगस्टस सीब यानं १८३० च्या दशकात तो पोशाख सुधारला आणि बंदरं, पूल, बुडालेली जहाजं यांच्या कामात तो सगळीकडे वापरला जाऊ लागला. हवा वरून नळीनं येई. खाली गेलेली माणसं वर आली की काहींचे सांधे दुखत, काही लुळी पडत, काही मरत. कारण कोणालाच कळत नव्हतं.

१८७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेअर यानं दाखवलं की दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झपाट्यानं कमी झाला की बुडबुडे धरतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तेच. पुढं ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यानं बकऱ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले आणि १९०८ मध्ये वर येण्याचं कोष्टक प्रसिद्ध केलं: किती खोल, किती वेळ, मग वर येताना कुठं आणि किती थांबायचं. पाण्याखाली जाण्याचं हे पहिलं खरं पाठ्यपुस्तक. पण ते नौदलाच्या हातात होतं, तुमच्या-आमच्या नाही.

सामान्य माणसाला पाणी उघडं झालं ते १९४३ मध्ये. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासं झालं होतं, गाड्या गॅसवर चालवल्या जात होत्या. एमिल गान्यँ या इंजिनिअरनं इंजिनाला हवा तेव्हा आणि हवा तेवढाच गॅस देणारा एक व्हॉल्व्ह बनवला होता. नौदलातला जाक कुस्तो हवेच्या सिलिंडरसाठी नेमकं असंच काही शोधत होता. दोघांनी तो व्हॉल्व्ह माणसाच्या श्वासाला जोडला. वरची नळी गेली, दोर गेला, आणि माणूस पाण्याखाली मोकळा झाला. गाडीचा सुटा भाग माणसाला बसवला गेला, ही इंजिनिअरिंगमधली माझी आवडती गोष्ट आहे.

युद्धानंतर हे उपकरण दुकानात आलं. पैसे द्या, घेऊन जा. वापरायचं कसं हे सांगणारं कोणी असेलच याची खात्री नव्हती. विहिरीची सूचना अंगात असलेली माणसं समुद्रात उतरू लागली आणि मरू लागली.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉ या तरुण संशोधकानं सहकाऱ्यांना पद्धतशीर शिकवायला सुरुवात केली. त्याच्याकडे शिकलेल्या लोकांनी लॉस एंजेलिस काउंटीतर्फे १९५४-५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ मध्ये निघाला, जागतिक महासंघ १९५९ मध्ये, आणि आज मालवणपासून मालदीवपर्यंत ज्याचं कार्ड चालतं ती पॅडी ही संस्था १९६६ मध्ये. म्हणजे कुस्तोच्या सिलिंडरनंतर शिकवण्याची घडी बसायला आणखी दहा-वीस वर्षं गेली. लिंबॉ स्वतः १९६० मध्ये फ्रान्समधल्या पाण्याखालच्या एका गुहेत वाट चुकला आणि परत आला नाही. शिकवणं आवश्यक आहे, पण ते कवच नाही, हेही या इतिहासात लिहिलेलं आहे.

वाळूच का?

या सगळ्या अभ्यासक्रमांना एक वर्ग लागतो. आधी तलाव आणि मग समुद्रातला वाळूचा मोकळा तुकडा.

कारण सोपं आहे. खडकावर गुडघे टेकले तर सोलवटतात. प्रवाळावर टेकले तर शेकडो वर्षांत वाढलेला जीव मोडतो. वाळू सपाट आणि मऊ असते. तिथं पाच-सहा मीटर खोलीवर शिकणारे अर्धवर्तुळात गुडघ्यांवर बसतात, समोर प्रशिक्षक. बोलता येत नाही, म्हणून सगळं हातानं. तो आधी स्वतः करून दाखवतो, मग एकेकाकडे बोट करतो. चष्म्यात पाणी घ्या आणि नाकानं फुंकून बाहेर काढा. तोंडातला रेग्युलेटर काढा, सोडून द्या, हात मागं फिरवून शोधा, परत तोंडात घ्या. या सगळ्या वेळात ओठांतून बारीक बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत, म्हणजे श्वास रोखलेला नाही. हवा संपल्याची खूण करा आणि शेजाऱ्याच्या सिलिंडरवरून श्वास घ्या. यातलं एकही कौशल्य समुद्र बघण्यासाठी लागत नाही. गडबड झाली तर वर न झेपावता, बसल्या जागी, श्वास चालू ठेवून ती निस्तरावी यासाठी हे सगळं आहे. वाळूवर माणूस घाबरायची तालीम करतो.

वाळू म्हणजे रिकामी जागा नाही, हे हळूहळू ध्यानात आलं. पाकट वाळू पांघरून पडलेलं असतं, लेपा तिच्याच रंगाचा होऊन बसतो, शिंपले आणि किडे आत घरं करून असतात. शिवाय पायाच्या पंख्यांनी वाळू उडाली की वर्ग संपला, शेजारचा माणूसही दिसत नाही. म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगले प्रशिक्षक गुडघे टेकवण्याऐवजी वाळूच्या हातभर वर तरंगत तीच कौशल्यं शिकवू लागले आहेत. तरंगण्याची दोरी म्हणजे पुन्हा श्वासच: थोडा जास्त घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली येतं.

अभ्यासक होडीत की पाण्यात?

खाली नेलं जाणं आणि खाली जायला शिकणं यांत फरक काय, हे पुरातत्त्वाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

१९००-०१ मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ एक प्राचीन जहाज सापडलं. खाली उतरले स्पंज काढणारे पाणबुडे, अभ्यासक होडीत बसून वर येईल ते बघत राहिले. एक पाणबुड्या मेला आणि दोघं कायमचे लुळे झाले. कुठली वस्तू कुठं, कशाशेजारी पडली होती, ही माहिती बहुतेक खालीच राहिली.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जॉर्ज बास या विद्यार्थ्यानं हे उलटवलं. तुर्कस्तानच्या केप गेलिडोन्याजवळ सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचं जहाज खणायचं होतं. बासचं म्हणणं असं, की पाणबुड्याला पुरातत्त्व शिकवण्यापेक्षा पुरातत्त्वज्ञाला बुडी मारायला शिकवणं सोपं. तो स्वतः फिलाडेल्फियातल्या वायएमसीएच्या तलावात शिकला आणि खाली उतरला. जमिनीवरच्या उत्खननाची शिस्त त्यानं समुद्रतळाशी नेली.

आपल्याकडे हे काम गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झालं. १९८१ मध्ये तिथं सागरी पुरातत्त्वाचा विभाग सुरू झाला. लोथलचं उत्खनन केलेले एस. आर. राव त्याचे प्रमुख होते, आणि १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात शोध सुरू झाला. नंतर गोव्याच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. सेंट जॉर्ज रीफवर मिळाली ती बासेल मिशनची कौलं आणि विटा, एकोणिसाव्या शतकातला माल. कोकणातल्या जुन्या घरांवर दिसतात त्याच कुळातली कौलं समुद्रतळाशी पडली होती. होडीत बसून कोणी सांगितलं असतं तर 'खाली विटा आहेत' एवढंच सांगितलं असतं. खाली उतरलेल्या अभ्यासकाला त्यात व्यापाराचा मार्ग दिसला.

मालवणचा वर्ग

आता आपल्या सहलीच्या ठिकाणी येऊ. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. त्याच किल्ल्याभोवतीचं उथळ पाणी, खडक आणि मधले वाळूचे पट्टे आज महाराष्ट्रातल्या स्कूबाचं केंद्र आहेत. १९८७ मध्ये इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. मासेमारी बंद होईल ही भीती खरी होती. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प आला आणि स्थानिक तरुणांना स्कूबा आणि स्नॉर्कलिंगचं प्रशिक्षण मिळालं. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिच्या आवारात ८ मीटर खोल तलाव आहे, म्हणजे समुद्रात जाण्याआधीचा वर्ग. बाप रापण ओढायचा, मुलगा पर्यटकाला पाण्याखाली नेतो, हा बदल एका पिढीत झाला.

पण आपण बहुतेक जण तिथं जे करतो ते शिकणं नसतं. ती ओळखीची बुडी असते. मार्गदर्शक मागून सिलिंडर धरून असतो, हवा तो सांभाळतो, खोली तो ठरवतो, फोटोसाठी माशांकडे वळवतोही तोच. 'पोहता येत नसलं तरी चालेल' ही जाहिरात यामुळेच शक्य होते. विहिरीत दोर जसा काकाच्या हातात होता, तसा इथं आपला जीव त्या पोराच्या हातात असतो. यात वाईट काही नाही. मार्गदर्शक चांगला असेल तर तो किनाऱ्यावर दहा मिनिटं देतो, खुणा पाठ करून घेतो, गुडघाभर पाण्यात रेग्युलेटर तोंडात देऊन श्वास घ्यायला लावतो, दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का विचारतो. गर्दीच्या मोसमात होड्यांची रांग लागते तेव्हा सगळ्यात आधी कापली जातात ती हीच दहा मिनिटं. आणि ती मागितली पाहिजेत हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं.

पूर्ण अभ्यासक्रम वेगळा असतो. त्यात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, १० मिनिटं तरंगावं लागतं, वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो, आणि शेवटी १८ मीटरपर्यंत जोडीदारासह जाण्याची मुभा मिळते. बुडीनंतर विमान कधी पकडायचं हेही शिकवतात: एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबायचं. आंबोली घाट सातशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे दिवसभर खोल बुड्या मारून रात्रीच गाडीनं घाट चढून गावाकडे निघणाऱ्यानंही हा हिशेब डोक्यात ठेवायला हवा.

हे वऱ्हाडाला का सांगायचं?

२४ मे २०२२. स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटली. दोघं गेले. त्यातला एक अकोल्याचा होता. ते पाण्याखाली गेले नाहीत, पाण्यावर गेले. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात ती बातमी घरच्यासारखी पोचली.

त्याआधी आठ महिने, १४ सप्टेंबर २०२१ ला, अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथं वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडाले. तिथं समुद्र नव्हता, पर्यटन कंपनी नव्हती. आपली नदी होती, आपली माणसं होती. शोध पुढं काही दिवस चालला.

आपण स्वतःला कोरड्या भागातले समजतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीही तोंडात धरवत नाही. पण महानचं काटेपूर्णा धरण, मोर्शीजवळचं ऊर्ध्व वर्धा, शेततळी, विसर्जनाचे घाट, या सगळ्यांत दर पावसाळ्यात माणसं बुडतात. त्यांना शोधायला पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारखी माणसं उतरतात. आपल्या धरणाच्या तळाशी पांढरी वाळू नसते. काळ्या मातीचा गाळ असतो, हात लावला की काही म्हणता काही दिसत नाही. मालवणच्या वाळूवर जे शिकवतात, ते इथं डोळे मिटून करता यावं लागतं: श्वास चालू ठेवणं, जागेवर थांबणं, जोडीदार आणि दोर न सोडणं.

हे शिकायला समुद्र लागतोच असं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शरीर घडवायला शिकवतंय. १९३६ मध्ये इथल्या पोरांनी बर्लिनला जाऊन कबड्डी खेळून दाखवली. जलतरण तलाव तिथं आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलांना त्यात दोन गोष्टी शिकवता येतील: लाइफ जॅकेटचे बंद आवळून घ्यायचे, आणि घाबरलं की हातपाय न मारता पाठीवर तरंगायचं. त्यापुढं ज्याला बचावाचं काम करायचंय, त्याला सिलिंडर पाठीवर घेऊन श्वास घेत राहायला शिकवता येईल. बास तलावातच शिकला होता आणि ३,२०० वर्षं जुन्या जहाजापर्यंत पोचला.

तोवर, या दिवाळीत मालवणला जाणार असाल तर होडीत चढण्याआधी लाइफ जॅकेट मागा आणि बंद स्वतः ओढून बघा. पाण्यात उतरण्याआधी ती दहा मिनिटं मागा. खुणा दोनदा करून दाखवायला लावा. मार्गदर्शकाला त्याचं कार्ड विचारा. चांगला असेल तर त्याला राग येणार नाही, उलट बरं वाटेल. आणि खाली पोचल्यावर विहिरीनं शिकवलेलं एवढं एकच विसरा.